वैजूची तिसरी उडी

"किती मागं सरकू, सर?"

मुजावर सरांनी शेंग फोडली. दाणे तळहातावर घेतले. त्यातला एक किडका निघाला, तो बाजूला टाकला.

"सर, मी विचारतेय. दोन फाउल झालेत माझे."

"दिसलं."

"अंगठाच जातोय पुढं. फळीच्या पुढच्या मेणावर नखाएवढा वण उठतो, की लगेच लाल निशाण वर. आता एकच उडी राहिलीय. ती पण फाउल गेली तर माझ्या नावापुढं काहीच लागणार नाही. नुसती रेघ. आणि पुढच्या तीन उड्या मिळतात त्या आठ जणींत पण मी नसेन."

"हं."

"मग सांगा ना. वीतभर सरकू? हातभर?"

सरांनी दाणे तोंडात टाकले. चावत बसले. समोर लांब उडीचा खड्डा होता, त्यात कुठल्यातरी कॉलेजची एक पोरगी नुकतीच धपकन पडली होती. तिच्याकडं बघत राहिले.

वैजू उभीच होती. घामानं केस कपाळाला चिकटलेले, पाठीवर नंबराचा कागद, आणि डोळ्यांत राग. रडू नव्हतं. रडणाऱ्यातली ती नव्हतीच.

वैजयंता गलांडे. बी.ए.चं शेवटचं वर्ष. कॉलेजात पाऊल टाकलं त्याच वर्षी तिनं विद्यापीठाचा लांब उडीचा रेकॉर्ड मोडला होता. दुसऱ्या वर्षी स्वतःचाच मोडला. तिसऱ्या वर्षाला तेच करायला ती आज इथं आली होती. कॉलेजच्या व्यायामशाळेच्या भिंतीवर तिचं नाव रंगवलेलं होतं. पेपरात फोटो आला होता, हवेत, दोन्ही पाय पुढं फेकलेला.

गावात सत्कार झाला तेव्हा स्टेजवर कोण होतं? तीच माणसं. पोरीच्या जातीनं अर्ध्या चड्डीत उड्या मारायच्या म्हणजे काय, असं पारावर बसून विचारणारी. तीच आता फोटोत पुढं उभी. वैजूनं त्यांच्या हातून शाल घेतली, नारळ घेतला. घरी येऊन नारळ फोडला आणि खोबरं खाल्लं. नारळानं काय घोडं मारलं होतं?

पण ही सगळी आजच्या सकाळपर्यंतची गोष्ट.

मुजावर सर तिच्या गावचे. दस्तगीर मुजावर. हायस्कुलात ड्रिलचे मास्तर होते, आता रिटायर. गावच्या पिराची देखभाल त्यांच्या घराकडं. सकाळी दर्ग्याची झाडलोट, ऊद, दिवा, आणि संध्याकाळी ओढ्याच्या काठावर पोरंपोरी. तिथला उडीचा खड्डा सरांनी स्वतः खणलेला. ओढ्यातली वाळू पोरांकडून चाळून घ्यायचे, काटा नको, काच नको, खडा नको. वैजू शाळेत असल्यापासून त्या वाळूत पडत आली. गुडघे तिथंच फुटले तिचे.

मग कॉलेज आलं. कॉलेजात शिर्के सर आले, शिट्टीवाले, मोबाईलवर उडीचा व्हिडिओ काढून दाखवणारे. वाईट माणूस नव्हता तो. दोन्ही रेकॉर्ड त्यांच्याच हाताखाली झाले. त्यांनी वैजूची धाव छोटी केली. म्हणाले, इतक्या लांबून कशाला पळतेस, दम वाया जातो. वैजूनं ऐकलं. हळूहळू ओढ्याकडं जाणं कमी झालं. नंतर बंदच झालं.

आज सकाळी मैदानावर आली तर कडेच्या लिंबाखाली मुजावर सर बसलेले. मांडीवर शेंगांची पिशवी. वैजूला एकदम बरं वाटलं. आपल्यासाठी म्हातारा एवढ्या लांब एसटीनं आला, असं वाटलं.

ते आले होते पायलसाठी.

पायल दडस. वैजूच्या गावाच्या वरच्या अंगाला धनगरवाडी आहे, तिथली. दुसऱ्याच कॉलेजची, पहिल्या वर्षाची. अंगावर सैल बनियन, पायात कुणाचे तरी मागून आणलेले स्पाइक. पहिल्याच उडीला पायलनं वैजूचा रेकॉर्ड मोडला.

खड्ड्याच्या काठाला एक छोटं निशाण रोवलेलं असतं. रेकॉर्ड कुठवर आहे ते सगळ्यांना दिसावं म्हणून. पंचांनी ते उपटलं आणि आणखी पुढं नेऊन रोवलं. एवढंच झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वैजूनं पण वाजवल्या, सगळे बघत होते म्हणून. पण आपलं निशाण कुणी उपटून पुढं रोवताना बघणं काय असतं, ते ज्याचं उपटलं त्यालाच कळतं.

त्या निशाणावर डोळा ठेवून वैजू पळाली. दोनदा. दोन्ही वेळेला लाल.

"सर…"

वैजूनं मग विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"तिला काय शिकवलंत?"

"कुणाला?"

"माहीत नाही होय तुम्हाला? पायलला."

"तुला शिकवलं तेच."

"मग तिची उडी माझ्यापुढं कशी?"

सरांनी आणखी एक शेंग फोडली.

"तिनं ऐकलं नाही."

वैजूला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. तोंडाकडं बघितलं. चेष्टा दिसत नव्हती.

"सर, माझं शेवटचं वर्ष आहे. आज रेकॉर्ड परत नाही घेतला तर परत कधीच नाही. पुढच्या वर्षी मी कुठं असेन, कुणाच्या चुलीपुढं, कुणाला ठाऊक? एवढ्या वर्षांत माझ्याजवळ हीच एक गोष्ट आहे. तुम्हाला काही वाटतं का नाही?"

"वाटतं."

"मग सांगा किती मागं सरकू."

सरांनी पिशवीची गाठ मारली. हात झटकले. पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं.

"पायलची खूण कुठं आहे ती बघ," ते म्हणाले. "तिथून पळ."

…

कुणी थोबाडीत मारली असती तर वैजूला चाललं असतं.

उडी मारणारी प्रत्येक पोरगी धावपट्टीच्या कडेला आपली खूण ठेवते. कुणी चप्पल ठेवतं, कुणी विटेचा तुकडा, कुणी चिकटपट्टी लावतं. तिथून धाव सुरू करायची, म्हणजे पाय बरोबर फळीवर येतो. ज्याचे पाय त्याची खूण. सावत्र बहिणी एक वेळ एकमेकींची चोळी घालतील, पण दुसरीच्या खुणेवरून कुणी पळत नाही. आणि इथं तर जिनं रेकॉर्ड घेतला तिचीच खूण.

"तिच्या?"

सरांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"मी? तिच्या खुणेवर उभी राहू?"

सर लिंबाच्या खोडाला टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. म्हणजे आता बोलणं संपलं. हे वैजूला लहानपणापासून ठाऊक होतं. डोळे मिटल्यावर मुजावर सरांना पीर उठवायला आला तरी ते उठत नाहीत, असं पोरं म्हणायची.

पलीकडून शिर्के सरांनी हाक मारली. "वैजयंता, एक फूट मागं घे. एकच फूट. घाबरू नकोस."

वैजूनं मान हलवली. एक फूट. हिशेबाची गोष्ट होती, कळण्यासारखी होती. तिची खूण म्हणजे पिवळी चिकटपट्टी. ती गेली, वाकली, पट्टी उचकटली. बोटाला चिकटवून घेतली.

आणि तशीच उभी राहिली.

म्हाताऱ्यानं आजवर तिला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. वाईट सांगितलं होतं. पडशील म्हणाले तेव्हा पडली होती. पाय मुरगळेल म्हणाले तेव्हा मुरगळला होता. राग यायचा तो त्यामुळंच.

ती पायलकडं गेली.

पायल मैदानाच्या कडेला मांडी घालून बसली होती. फडक्यातली भाकरी आणि खर्डा खात होती. एवढा रेकॉर्ड करून आलेली पोरगी, आणि खातेय अशी जशी बकऱ्या हिंडवून आलीय. वैजूला बघून चटकन उठायला गेली.

"बस, बस. खा तू."

"ताई, घ्या की तुकडा. खर्डा जरा झोंबतो."

"नको. तुझी खूण कुठंय?"

पायल चावायची थांबली.

"का वो? काढून टाकताय काय?"

"मी तसली दिसते का तुला?"

"दिसत न्हाई. पर सकाळपासनं तुम्ही माझ्याकडं बघताय ते तसंच बघताय."

वैजूला तोंडावर बोललेलं आवडायचं. पण आज आवडलं नाही.

"तिथून पळायचंय मला," तिनं सांगून टाकलं. "सर म्हणाले."

पायलनं लिंबाकडं बघितलं. तिकडं सर डोळे मिटून बसलेले. मग वैजूकडं बघितलं. मग हसली. कुचकं नव्हे, आपलं सरळ.

"आवो, ती तुमचीच खूण हाय की."

"म्हणजे?"

"वड्याच्या खड्ड्यावर तुमचा दगड न्हाई का? चुन्यानं रंगवल्याला? तुम्ही शाळेत असताना जिथनं पळायचा तो."

दगड होता. वैजूनंच ठेवलेला. ओढ्यातून उचलून आणलेला चपटा दगड. त्याला चुना फासला होता, दिसावा म्हणून. कॉलेजात गेल्यापासून तिला त्याची आठवणसुद्धा आली नव्हती.

"मी खड्ड्यावर आले तवा सर म्हणले, तो वैजूचा दगड, तिचे पाय वेगळे, तुझे वेगळे. तुझी खूण तू शोध. लई डाव म्हणले. मी न्हाई ऐकलं. म्हटलं, वैजूताई हितनं पळून पेपरात आली, मग मी कशाला दुसरीकडनं पळू? पाय बसत नव्हता फळीवर. पडले, आपटले. पर मग बसला पाय." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "बकऱ्यांची दावी एकाला एक जोडली, त्या दगडापासनं फळीपर्यंत धरली आणि गाठ मारली. आता जाईन तिथं तेच दावं टाकते. गाठ आली की तिथं खूण."



बोटाला चिकटलेली पिवळी पट्टी वैजूनं काढली, चुरगाळली, खिशात घातली.

"चल, दाखव."

दोघी धावपट्टीच्या कडेनं चालत गेल्या. वैजूच्या खुणेची जागा आली, मागं पडली. पायल चालतच होती. आणखी पुढं, धावपट्टीच्या पार शेपटाकडं, जमिनीत खिळा ठोकून त्याला लाल चिंधी बांधलेली.

"इतक्या लांबून?" वैजूच्या तोंडून गेलं.

"तुम्हीच पळायचा की."

तिथून फळी म्हणजे नुसती पांढरी काडी दिसत होती. काठावरचं निशाण तर दिसतच नव्हतं.

"ताई, एक सांगू?"

"सांग."

"मी खूण दिली म्हणून मुद्दाम बारकी उडी मारू नका. दया-बिया म्हणून."

"तुझी दया करायला मी काय तुझी आत्या लागते?"

पायल खळखळून हसली. "न्हाई लागत. म्हणून तर सांगितलं."

पंचांनी नाव पुकारलं. गलांडे. तिसरी उडी.

शिर्के सरांनी बघितलं वैजू कुठं उभी आहे ते. शिट्टीच हातातून सुटायची बाकी राहिली. "अगं तिथं कुठं? ती तुझी खूण नाही. वैजयंता…"

वैजू लाल चिंधीपाशी उभी राहिली. डावा पाय पुढं, उजवा मागं. गंमत अशी, की पायांना विचारावं लागलं नाही. शाळेतल्या पोरीसारखे ते आपोआप उभे राहिले.

तिनं फळी शोधली नाही. दिसतच नव्हती, तर शोधणार काय?

ती निघाली.

पहिली पावलं सावकाश. ओढ्याच्या वाटेनं घरी जाताना पडतात तशी. मग पायांनीच वेग धरला. वारा कानात भरला. चिकटपट्टीची जागा कधी आली, कधी गेली, तिला कळलं नाही. शिर्के सर काही ओरडत होते, तेही मागं राहिलं. मग पायाखाली लाकूड वाजलं.

वाजलं आणि सुटलं.

वर गेल्यावर माणसाला काही ऐकू येत नाही. हे उडी मारणाऱ्या सगळ्याच पोरी सांगतात. वैजूला ते ठाऊक होतं. पण आज ते इतका वेळ चाललं, की तिला वाटलं आपण पडायचं विसरतोय.

मग वाळू.

टाचा रुतल्या, गुडघे दुमडले, अंग पुढं गेलं. तोंडात वाळू गेली. तिनं डोळे उघडले आणि आधी फळीकडं बघितलं.

पांढरं निशाण. फळीवरचा पंच ते डोक्यावर धरून उभा होता. मेणावर काही नव्हतं. स्वच्छ.

मग तिनं काठाकडं बघितलं. पायलचं निशाण, सकाळी पुढं नेऊन रोवलेलं. ते शोधावं लागलं. समोर नव्हतं. शेजारी नव्हतं. ते तिच्या मागं होतं.

मैदानात एक आवाज उठला आणि गप्पही झाला. सगळ्यांनीच बघितलं होतं.

वैजू उठली. वाळू झटकली नाही. वळली. पडताना अंग पुढं गेलं होतं, तिच्या टाचा रुतलेली जागा मागं राहिली होती. ती वाळूतूनच तिकडं चालत गेली. वाकली. गुडघ्यांवर हात ठेवले आणि बघत राहिली.

दोन खोल खळगे. कडा ढासळत होत्या. एक एक कण आत घरंगळत होता.

एवढ्या वर्षांत तिनं स्वतःची एकही उडी बघितली नव्हती. उडी मारायची, पुढून बाहेर पडायचं, मान वळवून पंचांचा आकडा ऐकायचा. आकडा म्हणजेच उडी. तोवर वाळू सारखी करून टाकलेली असायची. आपण कुठं पडलो, ती जागा कशी दिसते, हे तिला कधी बघायलाच मिळालं नव्हतं.

तिनं पोटभर बघितलं. आणि फळीच्या बाजूनं खड्ड्यातून बाहेर पडली.

लाल निशाण.

उडी शिकायला येणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतात. पडलास की पुढून बाहेर ये. वाळूतून फळीकडं मागं चालत यायचं नाही. आलास की उडी गेली, मग ती कितीही लांब असो. वैजूनं हे शेकडो वेळा ऐकलं असेल.

शिर्के सर डोक्याला हात लावून खालीच बसले. "अगं, शाळेतलं पोरगं करत नाही ही चूक… शाळेतलं पोरगं…" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हटलं ना, वाईट माणूस नव्हता.

दाताळं घेतलेला माणूस वाळू ओढायला पुढं झाला. तेवढ्यात पायल पळत आली.

"दादा, थांबा. मोजा की आधी."

"काय मोजायचं? लाल आहे."

"पर लांब व्हती. माझ्या लई पुढं व्हती. मी बघितली, तुम्ही बघितली, समद्यांनी बघितली."

"लाल म्हणजे लाल, बाळ."

"मग टेप टाकायला काय जातंय तुमचं?"

टेपवाले पंच वयस्कर होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नाव काय तुझं? दडस ना? अगं, तुझाच रेकॉर्ड राहिला की. तू कशाला भांडतेस?"

पायल हात पसरून त्या दोन खळग्यांपुढं उभी राहिली, लहान पोर दारात उभं राहतं तशी. कुणीतरी तिला दंडाला धरून बाजूला केलं. दाताळं फिरलं. एकदा, दोनदा. वाळू सपाट झाली.

वैजूनं तेही बघितलं.

मग ती लिंबाकडं चालत गेली.

सरांचे डोळे उघडे होते. ती त्यांच्या शेजारी खाली बसली. स्पाइक काढले. पायमोजे काढले. पाय गवतावर सोडले.



"मी मागं आले, सर."

"बघितलं."

"विसरले नव्हते मी. पाय उचलतानाच कळत होतं."

"मग?"

"मग काय… बघायची होती."

सरांनी पिशवीची गाठ सोडली आणि पिशवी तिच्यापुढं सरकवली. तिनं मूठभर शेंगा घेतल्या. नुसत्याच धरून बसली.

"रागवा की, सर."

"कशाला?"

"शिर्के सर म्हणतात, सगळं घालवलंस."

"काय काय होतं?"

वैजू विचारात पडली. खरंच विचारात पडली.

"रेकॉर्ड."

"तो तर सकाळीच गेला."

तिला हसू आलं. येऊ नये अशा वेळी आलं, म्हणून जास्तच आलं. मग ते ओसरलं.

मैदानावर आठ जणींची नावं पुकारत होते. दडस होतं. गलांडे नव्हतं. तिनं कान देऊन ऐकलं. शेवटपर्यंत ऐकलं. आपलं नाव नाही हे ऐकायला बसलं की कसं वाटतं, ते तिनं बघून घेतलं. दुखलं. पण सकाळी निशाण उपटलं तेव्हा दुखलं तसं नाही.

"लांब होती," ती म्हणाली. "कुणी मोजली नाही, कुठं लागणार नाही. पण होती."

"किती?"

हे सरांनी विचारलं. मुजावर सरांनी आजवर कुणाला उडी किती झाली म्हणून विचारलेलं तिला आठवत नव्हतं. तिनं त्यांच्याकडं बघितलं. त्यांना खरंच ऐकायचं होतं. म्हातारा तिच्याकडं वळून बसला होता.

वैजूनं शेंगा गवतावर ठेवल्या. दोन्ही हात उचलले. पायलच्या निशाणापुढं किती, ते दाखवायला एक हात इकडं, एक हात तिकडं धरला. थांबली. थोडे लांब केले. पुन्हा जवळ आणले. खळगे डोळ्यांपुढं होते, कणनकण. पण हातांना ती जागा सापडेना.

हात हवेतच राहिले…

मग तिनं ते मांडीत ठेवले.

"सांगता येत नाही, सर."

तिकडं पायल लाल चिंधीपाशी जाऊन उभी राहिली होती, पुढच्या उडीसाठी. सर तिच्याकडं बघत उठले, गुडघ्यांवर हात देऊन, सावकाश.

"मग सोमवारी खड्ड्यावर ये," ते म्हणाले. "शिकवायला."